लिनक्सचा बॅकअप एक्स्टर्नल ड्राइव्हवर घ्यायचाय, पण नेमका कसा?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. सांगलीत गावभागातल्या एका अडत दुकानाचा लॅपटॉप आहे. लिनक्स मिंट, ५०० जीबीची एसएसडी, त्यातली २८० जीबी भरलेली. हळदीच्या पट्ट्या, जीएसटीची कागदपत्रं, सातबाऱ्यांच्या पीडीएफ, घरचे फोटो, शिवाय मारियाडीबीत हिशेबाचा डेटाबेस. २ टीबीचा अडीच इंची यूएसबी ड्राइव्ह आणलाय.
होम फोल्डर नुसता ओढून ड्राइव्हवर टाकला तर पुरेल का? टाइमशिफ्ट रोज चालतं, मग वेगळ्या बॅकअपची गरज आहे का? आणि ड्राइव्ह एक्सफॅट फॉरमॅटमध्ये आलाय, तो तसाच ठेवायचा का? पावसाळा तोंडावर आलाय, त्याआधी हे मार्गी लावायचंय.

टर्मिनलकर
आधी टाइमशिफ्टचं सांगतो, कारण गैरसमज तिथेच जास्त असतो. टाइमशिफ्ट सिस्टिम मागे नेण्यासाठी आहे. अपडेटने काही बिघडलं की कालच्या अवस्थेत परत जायचं, एवढंच त्याचं काम. मूळ सेटिंगमध्ये ते होम फोल्डर वगळतं. म्हणजे तुमच्या हळदपट्ट्या त्यात नाहीतच. वर स्नॅपशॉट त्याच एसएसडीवर पडत असतील, तर एसएसडी गेली की स्नॅपशॉटही गेले. बीटीआरएफएस (लिनक्सचा एक डिस्क फॉरमॅट) मोडमध्ये तर ते त्याच डिस्कवर असतात, दुसरीकडे ठेवताच येत नाहीत. चालू राहू द्या, उपयोगाचं आहे, पण त्याला बॅकअप समजू नका.

बेदाणा
ओढून टाकण्याबद्दल. अख्खा फोल्डर ओढला तर लपलेल्या फाइली येतात. पण आत जाऊन सगळं सिलेक्ट केलंत तर टिंबाने सुरू होणारं काही येत नाही, आधी कंट्रोल एच दाबून ते दिसायला लावलं नसेल तर. थंडरबर्डची मेल, फायरफॉक्सचे पासवर्ड, एसएसएचच्या (दुसऱ्या संगणकात शिरण्याच्या) किल्ल्या सगळं त्या टिंबवाल्या फोल्डरांतच असतं. शिवाय कॉपी मध्येच तुटली तर अर्धवट फाइल पूर्ण नावाने तिथे पडून राहू शकते, आणि ती अर्धवट आहे हे वरून कळत नाही. आरसिंक, म्हणजे टर्मिनलवरून फाइली कॉपी करायचं साधन, आधी तात्पुरत्या नावाने लिहितं आणि पूर्ण झाल्यावरच खरं नाव देतं.

चारभिंती
एक्सफॅट काढा, ईएक्सटी४ करा, तो लिनक्सचा स्वतःचा फॉरमॅट. एक्सफॅटमध्ये फाइलचा मालक आणि परवानग्या साठत नाहीत, सिमलिंक (दुसऱ्या फाइलीकडे बोट दाखवणारा दुवा) नाहीत, हार्डलिंक (त्याच फाइलीचं दुसरं नाव) नाहीत. परत आणताना सगळ्या फाइलींना एकसारख्या परवानग्या लागतात. मग एसएसएच म्हणतं, किल्ली सगळ्यांना वाचता येते, वापरणार नाही. नावात विसर्गासारखी दिसणारी दोन टिंबं किंवा प्रश्नचिन्ह असेल तर ती फाइल जातच नाही. आणि एक्सफॅटला जर्नल (बदलांची नोंदवही) नाही, लिहिताना वायर निघाली तर फटका जास्त.
फॉरमॅट करताना एक गोष्ट लक्षात ठेवा. ईएक्सटी४ मूळ सेटिंगमध्ये ५ टक्के जागा रूटसाठी (सिस्टिमच्या मुख्य वापरकर्त्यासाठी) राखून ठेवतं. २ टीबीवर ती १०० जीबी होते. सिस्टिमच्या डिस्कवर हे ठीक आहे, बॅकअपच्या ड्राइव्हवर ती जागा फुकट जाते. फॉरमॅट करणाऱ्या एमकेएफएस कमांडला हायफन एम शून्य द्या, किंवा नंतर ट्यून२एफएसने शून्य करा. लेबलही तेव्हाच द्या, पुढे उपयोगी पडतं.

मिरज_जंक्शन
चारभिंतींशी असहमत. लॅपटॉप बंद पडला आणि जीएसटी रिटर्नची शेवटची तारीख उद्या असली तर? शेजारच्या दुकानात विंडोज आहे. ईएक्सटी४चा ड्राइव्ह तिथे लावला की विंडोज विचारतं, फॉरमॅट करू का? घाईत कुणी हो म्हटलं की संपलं. दुकानाच्या ड्राइव्हला हा धोका मोठा आहे.

चारभिंती
मुद्दा खरा आहे, पण त्यासाठी अख्खा ड्राइव्ह एक्सफॅट करायला नको. दोन पार्टिशन करा. पहिलं १०० जीबी एक्सफॅट, त्यात फक्त चालू वर्षाच्या पीडीएफ आणि स्प्रेडशीट. उरलेलं ईएक्सटी४. शिवाय मिंटचा लाइव्ह पेनड्राइव्ह ड्राइव्हबरोबरच ठेवा. त्यावरून शेजारचा विंडोजवाला संगणकही मिंटमध्ये सुरू होतो आणि ईएक्सटी४ उघडतो. विंडोजच्या डिस्कला हात लागत नाही.

मिरज_जंक्शन
हे पटलं. फक्त ड्राइव्हवर मार्करने ठळक लिहा: "फॉरमॅट विचारलं तर नाही म्हणा."

कोयनेचा_वारा
मराठीत फाइलींची नावं ठेवणाऱ्यांसाठी एक अडचण आधीच सांगतो. ईएक्सटी४मध्ये नावाची मर्यादा २५५ बाइट आहे, अक्षरांची नाही. यूटीएफ-८मध्ये, म्हणजे अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त ही सगळी वेगवेगळी चिन्हं. म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं. "क्षेत्र" हा शब्द दिसायला दोन अक्षरांचा, पण त्यात क, हलन्त, ष, एकार, त, हलन्त, र अशी सात चिन्हं आहेत, म्हणजे २१ बाइट. विंडोजच्या एनटीएफएस फॉरमॅटमध्ये आणि एक्सफॅटमध्ये मर्यादा २५५ चिन्हांची आहे. त्यामुळे विंडोजवर "तासगाव तालुका मौजे अमुक गट क्रमांक तमुक सातबारा उतारा फेरफारासह सुधारित" असल्या नावाला आणखी पाचसहा शब्द जोडले तरी चालतं, पण तेवढं लांब नाव ईएक्सटी४वर आणताना फाइल नेम टू लाँग म्हणून ती फाइल अडते. बाकीच्या हजारो फाइली जातात, ही मागे राहते. आरसिंक अशा वेळी शेवटी कोड २३ देतं, म्हणजे काही फाइली गेल्या नाहीत. तो कोड बघायची सवय लावा. २४ आला तर कॉपी चालू असताना एखादी फाइल नाहीशी झाली एवढंच, ब्राउझर उघडा असला की होतं, घाबरायचं कारण नाही.
जुन्या मिंटमध्ये होम फोल्डर ईक्रिप्टएफएसने एन्क्रिप्ट (कुलूपबंद) केलेला असेल तर मर्यादा आणखी कमी, १४३ बाइट. म्हणजे ४७ चिन्हं.

कृष्णाकाठ
सातबाऱ्यांची नावं अगदी अशीच लांबलचक आहेत. आधीच शोधून काढता येतील का?

कोयनेचा_वारा
येतील. जुन्या एनटीएफएस डिस्कवरून आणणार असाल तरच गरज आहे. आत्ता ईएक्सटी४वर आहेत त्या मर्यादेत आहेत, नाहीतर तयारच झाल्या नसत्या. फाइंड कमांडने नुसती नावं काढा, जीएनयू ऑकला हायफन बी देऊन लांबी बाइटमध्ये मोजायला लावा, २५५ च्या वरची छापा.

टर्मिनलकर
आता मुख्य काम. इथे कमांड उच्चाराप्रमाणे लिहितोय, टर्मिनलवर इंग्रजी अक्षरांत टाकायच्या.
आरसिंकचा हायफन ए हा एकच पर्याय नाही, सात पर्यायांचं गाठोडं आहे: आर, एल, पी, टी, जी, ओ आणि कॅपिटल डी. पण त्यात हार्डलिंक, एसीएल (जादा परवानग्या) आणि एक्स्टेंडेड अ‍ॅट्रिब्यूट येत नाहीत. त्यासाठी कॅपिटल एच, कॅपिटल ए, कॅपिटल एक्स वेगळे द्यावे लागतात. होमसाठी नुसता ए बहुतेक वेळा पुरतो, सिस्टिम उचलायची असेल तर चारही हवेत.
सगळ्यात जास्त घोळ होतो तो शेवटच्या तिरक्या रेघेचा. मूळ फोल्डरच्या नावापुढे रेघ असली तर फोल्डरच्या आतलं जातं. रेघ नसली तर फोल्डरच उचलून पलीकडे त्याच नावाने ठेवला जातो. याला दोन हायफन डिलीट जोडलात की चूक महागात पडते. डिलीट म्हणजे मूळ जागी नाही ते पलीकडूनही काढ. चुकून ड्राइव्हच्या मुळाशीच नेम धरलात, तर तिथले बाकीचे फोल्डर "मूळ जागी नाहीत" म्हणून पुसले जातात.
म्हणून पहिल्यांदा कायम हायफन एन लावून चालवा. काही लिहिलं जात नाही, काय होईल तेवढं दिसतं. सोबत हायफन आय दिलात की प्रत्येक फाइलच्या पुढे एक सांकेतिक ओळ येते. त्यात एस दिसला तर आकार बदललाय, टी दिसला तर वेळ बदलली, अधिकच्या चिन्हांची रांग दिसली तर फाइल नवीन आहे. आणि डिलीटिंग शब्दाने सुरू होणाऱ्या ओळी एकेक करून वाचा. दहावीस ओळी असतील तर ठीक. पडदा डिलीटिंगने भरून वाहायला लागला तर थांबा, मार्ग चुकलाय.

अजिंक्यताऱ्यावरून
टर्मिनलकरांच्या यादीत एक भर, आणि माझ्या मते ही तिरक्या रेघेपेक्षा वाईट. ड्राइव्ह जोडलेलाच नाही आणि स्क्रिप्ट चालली तर? माउंटची, म्हणजे ड्राइव्ह जोडला जातो ती जागा शेवटी एक साधा रिकामा फोल्डर. आरसिंक त्यात लिहीत सुटतं, म्हणजे तुमच्याच एसएसडीवर. २८० जीबी भरलेल्या ५०० च्या डिस्कवर अजून २८० मावत नाहीत, रूट पार्टिशन शंभर टक्के भरतं आणि पुढच्या वेळी डेस्कटॉपला लॉगिनही होत नाही. डिस्क मोठी असली तर त्याहून वाईट, कारण सगळं सुरळीत झाल्यासारखं दिसतं आणि बॅकअप मात्र कुठेच नसतो.
उपाय दोन, दोन्ही करा. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत माउंटपॉइंट कमांडला हायफन क्यू देऊन तपासा, ड्राइव्ह जोडलेला नसेल तर तिथेच बाहेर पडा. आणि ड्राइव्ह जोडलेला नसताना त्या रिकाम्या फोल्डरला सीएचअ‍ॅटर अधिक आय लावा. मग रूटलाही त्यात लिहिता येत नाही, पण ड्राइव्ह वर बसवायला काही अडत नाही.
आणि एफएसटॅबमध्ये (बूट होताना कुठला ड्राइव्ह कुठे जोडायचा त्या यादीत) एसडीबी१ असलं नाव कधीच लिहू नका. दुसरा पेनड्राइव्ह आधी लागला की नावं फिरतात. एलएसबीएलके हायफन एफ केलं की यूयूआयडी, म्हणजे पार्टिशनचा न फिरणारा क्रमांक, दिसतो, तो लिहा, आणि पुढे नोफेल लिहा. नोफेल नसेल तर ड्राइव्ह न लावता लॅपटॉप सुरू केला की बूट दीड मिनिट वाट बघतं आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसतं.

भडंगप्रेमी
नोफेलसाठी +१. दीड मिनिट काळ्या पडद्याकडे बघण्यात भडंगाचं अख्खं पाकीट संपतं.

बेदाणा
पण मंडळी, नुसता आरसिंक डिलीट म्हणजे आरसा. आज हिशेबाची शीट चुकून रिकामी सेव्ह झाली, रात्री आरसिंक चाललं, ड्राइव्हवरचीही रिकामी झाली. कालची हवी असेल तर आवृत्त्या पाहिजेत. आरसिंकमध्येच दोन हायफन लिंक-डेस्ट आहे. रोज तारखेच्या नावाचा नवा फोल्डर होतो, न बदललेल्या फाइली कालच्या फोल्डरशी हार्डलिंकने जोडल्या जातात, जागा फक्त बदललेल्या फाइलींची जाते. प्रत्येक तारखेचा फोल्डर मात्र पूर्ण दिसतो.
खाचखळगा एकच: लिंक-डेस्टला सापेक्ष मार्ग दिलात तर तो तुम्ही उभे आहात तिथून नाही, पलीकडच्या फोल्डरपासून मोजला जातो. चुकला की एक इशारा छापून आरसिंक सगळं नव्याने कॉपी करतं, आणि तो इशारा गर्दीत दिसत नाही. चौथ्या पाचव्या दिवशी ड्राइव्ह अर्ध्याहून जास्त भरलेला दिसला तर कारण हेच. पूर्ण मार्ग द्या. खात्री करायला दोन तारखांचे फोल्डर जागा मोजणाऱ्या एकाच डीयू कमांडला द्या. दुसऱ्याचा आकडा लहान आला पाहिजे.

वाईचा_घाट
आवृत्त्याच हव्या असतील तर लिंक-डेस्टपेक्षा बोर्ग हे बॅकअपचं सॉफ्टवेअर चांगलं. फोल्डरचं नाव "फोटो २०२३" वरून "जुने फोटो" केलंत की आरसिंकला ते सगळं नवीन वाटतं, ६० जीबी परत लिहिलं जातं. बोर्ग फाइलींचे तुकडे करून ओळखतो, नाव बदललं तरी तुकडे तेच, जागा जवळपास जात नाही. व्हर्च्युअल मशीनची ४० जीबीची एकच फाइल असेल, तर लिंक-डेस्ट रोज ४० जीबी घेईल, बोर्ग बदललेले तुकडेच घेईल.
टर्मिनल नको असेल तर पिका बॅकअप वापरा, ते आतून बोर्गच आहे. देजा-दुपही चालेल.
बोर्ग १.२ पासून एक बदल झालाय, जुने लेख वाचणाऱ्यांना तो माहीत नसतो. प्रून (छाटणी) केल्यावर जुन्या आवृत्त्या यादीतून जातात, पण जागा मोकळी होत नाही. नंतर बोर्ग कॉम्पॅक्ट चालवावं लागतं. ७ रोजच्या, ४ आठवड्यांच्या आणि १२ महिन्यांच्या आवृत्त्या ठेवल्या तर या २८० जीबीला २ टीबी आरामात पुरेल.

चारभिंती
बोर्गला माझा विरोध नाही, पण हे दुकान आहे. लिंक-डेस्टच्या फोल्डरमधली फाइल कुठल्याही फाइल मॅनेजरने उघडते. बोर्गची रेपो (बॅकअपची साठवण) उघडायला बोर्ग लागतो, पासफ्रेज (लांब पासवर्ड) लागते. लॅपटॉप बंद असताना दुकानातल्या पोराला फोनवरून काय काय सांगणार?

वाईचा_घाट
बोर्ग माउंटने रेपो फोल्डरसारखी उघडते, पण लाइव्ह पेनड्राइव्हवर आधी बोर्ग टाकावा लागतो, हे मान्य. माझं म्हणणं, चालू वर्षाच्या फाइली तुमच्या त्या १०० जीबीच्या एक्सफॅट भागात उघड्या राहतीलच. मागच्या सहा महिन्यांतली एखादी आवृत्ती शोधायचं काम घाईचं नसतं. ते बोर्गकडे द्या. आणि लिंक-डेस्टमध्ये न बदललेल्या फाइलीची प्रत एकच असते, पाच फोल्डरांत दिसली तरी. कुणी बॅकअपमधलीच फाइल उघडून बदलून सेव्ह केली, तर पाचही तारखांना बदललेली दिसू शकते. बोर्गमध्ये हे होत नाही.

अजिंक्यताऱ्यावरून
उघडा एक्सफॅट भाग म्हणजे पॅन, आधार, बँकेची स्टेटमेंटं उघडी. ड्राइव्ह खिशात मावतो, एसटीत राहतो. तिथे किमान काय ठेवायचं याचा विचार करा. ईएक्सटी४चा भाग लक्सने, म्हणजे लिनक्सच्या डिस्क-कुलपाने, एन्क्रिप्ट करा.
पासफ्रेजबद्दल मराठी टंकणाऱ्यांनी विशेष लक्ष द्या. ती साध्या इंग्रजी अक्षरांत ठेवा, देवनागरीत नको. लाइव्ह पेनड्राइव्हवर किंवा परक्या संगणकावर मराठी कीबोर्ड लावलेला नसतो, आणि इन्स्क्रिप्ट आणि फोनेटिकमध्ये एकाच कळीवर वेगळी अक्षरं असतात. पडद्यावर नुसते ठिपके दिसतात, त्यामुळे चुकतंय कुठे ते कळत नाही.
लक्सचा हेडर (सुरुवातीचा किल्ल्यांचा भाग) वेगळा काढून ठेवा, क्रिप्टसेटअप लक्सहेडरबॅकअप. लक्स२ चा हेडर १६ एमबीचा असतो. तो बिघडला तर पासफ्रेज बरोबर असूनही ड्राइव्ह उघडत नाही.

कृष्णाकाठ
मारियाडीबीचं कुणी बोललं नाही अजून.

टर्मिनलकर
डेटाबेस चालू असताना त्याचा फोल्डर कॉपी करू नका. एक फाइल ९ वाजताची आणि दुसरी ९ वाजून ३ मिनिटांची अशी जोडी बनते, आणि परत लावताना सर्व्हर उठत नाही. आधी मारियाडीबी-डंप (डेटाबेसची एका फाइलीत उतरवलेली प्रत) काढा, दोन हायफन सिंगल-ट्रान्झॅक्शन लावून. त्याने काम चालू असतानाही एका क्षणाचं सुसंगत चित्र मिळतं. पण हे इनोडीबी प्रकारच्या टेबलांपुरतं. जुन्या सॉफ्टवेअरची टेबलं मायआयसॅम असतील तर त्याचा उपयोग नाही, तेव्हा कुलूप लावूनच डंप घ्यावा लागतो. शो टेबल स्टेटस केलं की इंजिनच्या रकान्यात कळेल.
डंपची शेवटची ओळ वाचा. तिथे डंप कम्प्लीटेड आणि तारीख असते. ती नसेल तर डंप अर्धवट आहे, मग फाइल कितीही मोठी दिसो.
फायरफॉक्स आणि थंडरबर्ड बॅकअपपुरते बंद करा.

कोयनेचा_वारा
वेगाबद्दल. यूएसबी ३ च्या पोर्टला बहुधा आतून निळी पट्टी असते. तिथे अडीच इंची ड्राइव्ह साधारण १०० एमबी प्रति सेकंद देतो, म्हणजे २८० जीबीला पाऊण तास. यूएसबी २ मध्ये ३५ च्या आसपास, म्हणजे सव्वादोन तास. लहान लहान फाइली खूप असतील तर दोन्हीकडे जास्त. हे ड्राइव्ह बरेचदा एसएमआर प्रकारचे (ओळी एकमेकींवर चढवून लिहिणारे) असतात, सलग लिहीत गेलं की मध्ये वेग पार १०-२० वर येतो. बिघडला नाही, आतली आवराआवर चालू आहे. उपटू नका.
खरंच उपटायचं कधी आणि कधी नाही ते डीमेसेज, म्हणजे कर्नलचे (लिनक्सच्या गाभ्याचे) निरोप दाखवणारी कमांड, सांगते. रिसेट सुपरस्पीड असं वारंवार येत असेल तर आधी वायर बदला, मग पोर्ट बदला. टक टक असा ठराविक आवाज येऊन ड्राइव्ह पुन्हा पुन्हा गायब होत असेल तर वीज कमी पडतेय, पॉवर न जोडलेला यूएसबी हब मधून काढा. वायर आणि पोर्ट बदलूनही यूएएसचे (वेगवान यूएसबी मोडचे) एरर येतात तेव्हा दोष ड्राइव्हच्या डबीतल्या चिपचा असू शकतो. कर्नलच्या ओळीत यूएसबी-स्टोरेज क्वर्क्समध्ये त्या चिपचा क्रमांक आणि पुढे यू लिहिलं की साध्या मोडमध्ये चालतो, जरा हळू.
लॅपटॉपचं झाकण बंद केलं की तो झोपतो आणि कॉपी अडकते. झाकण उघडंच ठेवा, आणि कमांडच्या आधी सिस्टिमडी-इनहिबिट लिहा, तोवर आपोआप झोपणार नाही.

भडंगप्रेमी
कॉपीचा पट्टा शंभर टक्के दाखवतो आणि ड्राइव्हचा दिवा तरी लुकलुकत राहतो, ते का?

कोयनेचा_वारा
पट्टा रॅमपर्यंतचं दाखवतो. कर्नल आधी रॅममध्ये घेतो आणि मागून ड्राइव्हवर उतरवतो. ८-१६ जीबी रॅम असेल तर शेवटचे एकदोन जीबी अजून वाटेतच असतात. त्या वेळी वायर काढली की नेमक्या शेवटच्या फाइली जातात. इजेक्ट दाबा आणि काढायला हरकत नाही असा निरोप येईपर्यंत थांबा. टर्मिनलवर यूडिस्क्ससीटीएल अनमाउंट, मग पॉवर-ऑफ. चकती थांबल्याचा हलका आवाज हाताला जाणवतो, मगच हलवा.

मिरज_जंक्शन
आता सांगलीचं बोलू. गावभाग म्हटलात म्हणून. आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोक्याची ४५. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. २००५ आणि २०२१ लाही पूर आलाच. लॅपटॉप आणि ड्राइव्ह एकाच तळमजल्यावरच्या कपाटात असतील, तर आतापर्यंत वर लिहिलेलं सगळं एका रात्रीत पाण्याखाली. दुसरा ड्राइव्ह घ्या आणि तो विश्रामबागेत किंवा मिरजेत कुणाकडे ठेवा. दर पंधरवड्याला अदलाबदल करा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत दर आठवड्याला.

कोयनेचा_वारा
आणि पाटण, महाबळेश्वरकडे ठेवणार असाल तर जुलैची दमट हवा लक्षात घ्या. घट्ट बंद होणारी पिशवी, आत सिलिका जेलची पुडी. निळे दाणे गुलाबी झाले की ओल भरली, ओव्हनमध्ये तापवून परत वापरता येतात. गार जागेतून आणलेला ड्राइव्ह लगेच लावू नका. तासभर पिशवीतच राहू द्या, नाहीतर आत दव धरतं.

वाईचा_घाट
दुसरा ड्राइव्ह एसएसडी घ्यावा का असं कुणी विचारेल. वर्षभर न लावता कपाटात ठेवायचा असेल तर चकतीवालाच बरा. जेडेक या चिप उद्योगाच्या संस्थेच्या मानकात घरगुती एसएसडीची अट ही, की लिहिण्याची क्षमता पूर्ण वापरून झाल्यावर ३० अंश तापमानात विजेशिवाय एक वर्ष माहिती टिकावी. नवी एसएसडी त्याहून बरीच जास्त टिकते, पण तापमान वाढलं की मुदत घटते, आणि पत्र्याखालच्या माळ्यावर मे महिन्यात ३० अंश राहत नाही. पंधरवड्याला हातात येणार असेल तर एसएसडी बिनधास्त घ्या, पडली तरी चकती नाही आत.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. असं ठरवलंय. ड्राइव्हवर १०० जीबी एक्सफॅट, त्यात चालू वर्षाची बिलं आणि रिटर्न, बँकेचं काही नाही. उरलेलं लक्सवर ईएक्सटी४, राखीव जागा शून्य. दर शनिवारी आधी बोर्ग, मग मारियाडीबीचा डंप, मग इजेक्ट. कॅश फोल्डर आणि कचरापेटी वगळणार. तसाच दुसरा ड्राइव्ह विश्रामबागेत. पासफ्रेज लॅपटॉपवरच्या पासवर्ड मॅनेजरमध्ये. काही चुकतंय का?

टर्मिनलकर
दोन गोष्टी. डंप आधी, बोर्ग नंतर. नाहीतर बोर्गमध्ये कायम मागच्या शनिवारचा डंप जाईल. आणि पासफ्रेज फक्त लॅपटॉपवर म्हणजे लॅपटॉप गेला की ड्राइव्हही गेला. कागदावर लिहा, दोन प्रती. विश्रामबागेतल्या ड्राइव्हबरोबर मात्र कागद ठेवू नका, तो दुसऱ्याच घरी. बोर्गची की (किल्ली) एक्सपोर्ट करून तीही छापून ठेवा.
शिवाय सिस्टिमच्या सेटिंगचा इटीसी फोल्डर बोर्गमध्ये घ्या, आणि टाकलेल्या सॉफ्टवेअरची एपीटी-मार्क शोमॅन्युअलची यादी एका फाइलीत. लॅपटॉप बदलला तर मिंट नव्याने टाकायला अर्धा तास लागतो, मग ती यादी दिली की सॉफ्टवेअर परत येतं, आणि त्यावर होम उतरवायचं. नव्या मशीनवर पहिला वापरकर्ता तुम्हीच बनवा, म्हणजे क्रमांक १००० तोच राहील. ईएक्सटी४ मालकाचं नाव नाही, क्रमांक साठवतं. क्रमांक जुळला नाही तर स्वतःच्याच फाइलींना परमिशन डिनाइड येतं.

बेदाणा
आणि पहिल्याच शनिवारी परत आणून बघा. एक पीडीएफ, एक फोटोंचा फोल्डर आणि डेटाबेस. डंप नव्या नावाच्या रिकाम्या डेटाबेसमध्ये चढवा, चालू डेटाबेसवर नको, आणि शेवटच्या पट्टीचा क्रमांक दुकानातल्या वहीशी जुळवा. महिन्यातून एकदा बोर्ग चेक, तीन महिन्यांनी व्हेरिफाय-डेटा लावून. त्याला वेळ लागतो, रात्री लावा. ड्राइव्हची तब्येत सांगणाऱ्या स्मार्टसीटीएलमध्ये ५ आणि १९७ क्रमांकाच्या ओळी बघा, रीअलोकेटेड आणि पेंडिंग सेक्टर. कच्चा आकडा शून्यावरून हलला आणि पुढच्या महिन्यात वाढला, तर ड्राइव्ह बदला.

कृष्णाकाठ
डंप आधी, समजलं. दोन्ही ड्राइव्ह सारखेच दिसतात, कुठला कुठे हे गोंधळायला नको.

अजिंक्यताऱ्यावरून
लेबलं वेगळी द्या, "कृष्णा" आणि "वारणा", पण इंग्रजी अक्षरांत. ईएक्सटी४चं लेबल १६ बाइटचं असतं, देवनागरीत पाचच चिन्हं मावतील. तेच नाव ड्राइव्हवर मार्करने, आणि खाली पांढऱ्या चिकटपट्टीवर शेवटच्या बॅकअपची तारीख पेन्सिलने, म्हणजे दर वेळी खोडता येते.